वायसर पिशवीत, हापशी बंद

(जिल्हा बैठकीत हातपंप दुरुस्ती करणाऱ्या कार्यकर्त्याने केलेले भाषण)



माझा हात पान्याचा, माईकचा नाही. बावीस वर्षे हापशा दुरुस्त केल्या. मागच्या बैठकीत एका भावाने विचारले, पोरगा शिकला आहे, पाण्याच्या कामात त्याचे पोट भरेल का? त्याचे उत्तर द्यायला उभा आहे.

आधी हापशीची गोष्ट ऐका, ती आपल्याच मुलखातली आहे. पूर्वी बिडाचे पंप बसवत. ते एका घरापुरते बनवलेले, आणि इथे सारे गाव दिवसभर हापसणार. टिकतील कसे? 1974 साली युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारांतले तीन पंप बंद होते. जालना-सोलापूरकडे मिशनच्या कामातल्या मिस्त्री मंडळींनी यावर डोके चालवले. दांड्याला बेअरिंग, पुढे साखळी, म्हणजे सळई सरळ खालीवर होते. त्या सोलापूर पंपावरूनच इंडिया मार्क टू तयार झाला. तो आफ्रिकेतही गेला. युगांडात त्याच धर्तीच्या पंपाला यू-टू म्हणतात.

पण लोखंड मजबूत झाले म्हणून पाणी येत राहते असे नाही. मार्क टूचे वायसर झिजले की सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याला गाडी हवी, माणसे हवीत. एका उन्हाळ्यात एका गावची हापशी एकवीस दिवस बंद राहिली. वायसर माझ्या पिशवीत होते, गाडीला डिझेल नव्हते. बाया रोज बुडवून लांबच्या विहिरीवर जात होत्या. एक म्हणाली, "भाऊ, वायसर तुमच्यापाशी अन् हंडा माझ्या डोक्यावर." मी काय बोलणार?

पुढे मार्क थ्री आला. त्याचा पाइप अडीच इंची, दट्ट्या आतूनच वर निघतो, गावातच काम होते. आणि माणसांचे म्हणाल तर उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात 1990 नंतर महिला समाख्याच्या कामात निरक्षर बाया मार्क टू खोलायला शिकल्या. मग आपला शिकलेला पोरगा का शिकणार नाही?

2019 पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ देण्याचे काम सुरू झाले. पण मोटार जळते, व्हॉल्व्ह गळतो, वीजबिल थकते. शिवाय दर महिन्याला विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली गेले ते वहीत लिहायला कोणी हवे. पोराने हे सगळे शिकावे.

पोट भरेल का? गावाने दाम दिले तर भरेल. कापसाला रास्त भाव मागणारे आपण, मिस्त्रीला मात्र म्हणतो, एवढ्याशा वायसरचे कसले पैसे! हे मी स्वतः ऐकले आहे, आणि म्हणणारे काही जण आज समोर बसले आहेत. येत्या ग्रामसभेत दुरुस्तीची वर्गणी ठरवा. पोराला माझ्याकडे पाठवा. पान्यांचे दोन संच आहेत, एक त्याच्यासाठी काढून ठेवतो.