कोंबडी, अफवा आणि दहा किलोमीटरचा रेडिओ
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



या मांडवात पोल्ट्रीवाले पुष्कळ बसले आहेत. २०२० सालचे फेब्रुवारी-मार्च महिने त्यांना मी सांगायला नकोत. कोरोना अजून आपल्या गावात पोचलाही नव्हता. पण 'कोंबडी खाल्ली की कोरोना होतो' हा निरोप मोबाईलवरून घरोघर पोचला होता. किलोमागे खर्च सत्तर रुपयांच्या घरात आणि शेडवरचा भाव काही ठिकाणी दहा रुपये! खाद्याला पैसे उरले नाहीत म्हणून लोकांनी जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. निरोप लिहिणाऱ्याचा एक पैसा गेला नाही.

सरकार गप्प होते असे नाही. कोंबडी खायला हरकत नाही, असे दिल्लीहून सांगितले गेले. फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. पण 'अमक्याच्या शेडमधली कोंबडी आज घेऊ का नको?' हा शेजारणीचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर द्यायला कोणीच नव्हते. प्रश्न गल्लीतला, उत्तर दिल्लीचे. मधल्या रिकाम्या जागेत अफवा बसते. पुढच्या वर्षी लसीच्या वेळी तेच झाले.

आता दुसरी बाजू पाहा. दर वेळी 'सगळी अफवा आहे' म्हणूनही चालत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आला. हा रोग खराच कोंबडीचा. अशा वेळी एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलणे धोक्याचे, हे खरे. आणि नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच दमात, आपल्या बोलीत, आपल्या ओळखीच्या माणसाने सांगायला हव्यात. त्यातली एकच कानावर पडली तर एक तर माणूस आजारी पडतो, नाही तर पोल्ट्रीवाला बुडतो.

सामुदायिक रेडिओचे क्षेपण साधारण दहा-पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे पाळतीचे जे वर्तुळ, जवळजवळ तेवढेच! ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. शिक्षणसंस्थांना परवाने द्यायचे धोरण २००२ मध्ये आले, स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार २००६ मध्ये उघडले. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित बायांनी 'संगम रेडिओ' सुरू केला. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. यंत्र बायाबापड्यांना चालवता येत नाही, हे सांगणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

पण गोम इथेच आहे. त्याच २००६ च्या धोरणाने या केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडी देण्यास मनाई केली. भजन लावा, पाककृती सांगा. गावात काय घडले ते मात्र बोलू नका. मोबाईलवर वाटेल ते फिरवणाऱ्याला परवाना लागत नाही. ज्याचा पत्ता ठाऊक आहे, ज्याला उद्या बाजारात गाठून जाब विचारता येतो, त्याच्याच तोंडाला कुलूप! ही मनाई उठली पाहिजे.

रेडिओ म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र, असेही मी म्हणत नाही. खोटे त्यावरूनही बोलता येते. म्हणून निवेदकाने कोण सांगते आहे त्याचे नाव घ्यावे, पशुवैद्यकाला समोर बसवून लोकांचे प्रश्न लोकांच्याच शब्दांत विचारावेत, आणि उत्तर ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही, उद्या सांगतो' म्हणावे. आणि उद्या खरेच सांगावे.

ज्या तालुक्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीपूर्वी तिथे जाऊन विचारून यावे : रेडिओच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे काय? केला नसेल तर कशासाठी थांबलात? उत्तर लेखी आणावे.