तारेंतील लपलेला दोष

हवेंतून येणारा संदेश लहरी आणि तारेंतून येणारा खात्रीचा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. वाय-फाय अडखळलें तर कोणी नवल करीत नाहीं; परंतु लॅपटॉपला तार जोडली कीं काम निर्वेध चाललेंच पाहिजे, ही सर्वांची अपेक्षा. म्हणून तारेचें जोडणें मध्येंच तुटूं लागलें व क्षणभरानें आपोआप जुळूं लागलें, म्हणजे माणूस अधिकच चिडतो. जें यंत्र पुरतें बंद पडतें त्याचा दोष सांपडविणें त्या मानानें सोपें. कारागीर दारांत येतांच जें सुरळीत चालूं लागतें आणि त्याची पाठ फिरतांच पुन्हा रुसतें, त्याच्याशीं गांठ पडणें खरें कठीण.

यवतमाळ शहरांतील एका जुन्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत अशीच गांठ पडली. पुण्याच्या एका कचेरींत नोकरीस असलेली या घरची कन्या, आजीच्या मांडीचें हाड मोडल्यामुळें, घरूनच काम करण्याची परवानगी काढून आली होती. आजीची खाट मागल्या खोलींत, म्हणून मुलीचें टेबलही तेथेंच मांडलें. त्या खोलीच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड हात रुंदीच्या. वाय-फायचें त्यांच्यापुढें कांहीं चालेना. तेव्हां दिवाणखान्यांतील राउटरपासून लॅनची तार आंत ओढून घेतली. सकाळीं सारें ठीक चाले. दुपार झाली कीं बोलतां बोलतां सभा तुटे, मुलीचा चेहरा पडद्यावर थिजून राही, आणि पलीकडून "आवाज येत नाहीं" असा पुकारा होई. तिसऱ्या आठवड्यांत वरिष्ठांनीं सभ्य शब्दांत कळविलें कीं, घरचें नेट भरंवशाचें नसेल तर पुण्यास परत यावें. आजी अद्याप कोणाच्या आधारावांचून उठून बसतही नव्हती.

वडिलांनीं नेट पुरविणाऱ्यांकडील कारागिरास बोलाविलें. त्यानें दिवाणखान्यांत उभें राहून मोबाइलवर वेग मोजून दाखविला, आणि "काका, आमची लाइन बरोबर आहे, लॅपटॉप बदला," असें सांगून तो चालता झाला. वडील चाळीस-पन्नास हजारांच्या नव्या लॅपटॉपची चौकशी करूं लागले. अशा प्रसंगीं सर्वांत महाग वस्तूवर आळ घेण्याची घाई आपणांस कां होते, कोण जाणे! मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, चार दिवस थांबा."

पहिला प्रश्न असा कीं, दोष घराच्या आंत कीं बाहेर? याचा निकाल लावण्यास पिंग नांवाची एक साधी आज्ञा प्रत्येक संगणकांत असते. पाण्याखालील वस्तूचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या नादावरून हें नांव माइक म्यूस यांनीं १९८३ सालीं आपल्या कार्यक्रमास दिलें. हांक मारावयाची आणि प्रतिसाद किती वेळांत येतो तें पाहावयाचें, एवढेंच तिचें काम. मुलीनें एक हांक घरांतल्या राउटरला व दुसरी बाहेरच्या दूरच्या संगणकाला, अशा दोन्ही एकाच वेळीं चालूं ठेविल्या. राउटर उत्तर देत असतां बाहेरचा गप्प झाला असता, तर दोष बाहेरचा ठरला असता. परंतु दुपारीं दोघेही एकदमच मुके झाले. म्हणजे कारागिराचें अर्धें म्हणणें खरें होतें. रस्त्यावरची लाइन निर्दोष होती. त्याचें उरलेलें अर्धें मात्र त्यानें तपासलेंच नव्हतें.

यापुढें तिनें एक पथ्य पाळलें: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. वीज वांचविण्यासाठीं लॅपटॉपनें तारेचें जोडणें परस्पर बंद करावें, अशी एक सवलत त्याच्या रचनेंत असते. ती तिनें प्रथम काढून टाकिली. फरक पडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं राउटरमधील भोंक बदललें, तरी तेंच. तिसऱ्या दिवशीं लॅपटॉप दिवाणखान्यांत नेऊन हातभर लांबीच्या दुसऱ्या तारेनें जोडला. तेव्हां सबंध दुपार एकदांही खंड पडला नाहीं. लॅपटॉप निर्दोष सुटला. उरली ती लांब तार. पण ती सकाळीं चांगली आणि दुपारीं वाईट, हें कसें?

येथें तारेच्या अंतरंगांत डोकावलें पाहिजे. वरून एक दिसणाऱ्या या तारेंत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, आणि दोन-दोनांस पीळ देऊन त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. पिळामुळें बाहेरचा विद्युत्-उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो व वजाबाकींत निघून जातो. ही युक्ति टेलिफोनसाठीं ग्रॅहम बेल यांनीं १८८१ सालीं काढली होती. सेकंदास १०० मेगाबिटचा वेग दोन जोड्यांवर भागतो. १००० मेगाबिटला मात्र चारही जोड्या धडधाकट लागतात. एखादी जोडी अर्धवट तुटली कीं दोन्ही टोकांचीं यंत्रें हजारावर जमवूं पाहतात, फसतात, पुन्हा जमवितात, आणि अखेर कित्येकदां शंभरावर उतरतात. या ओढाताणींत जोडणें क्षणोक्षणीं सुटतें. मुलीनें पाहिलें तों पडद्यावर सकाळीं १००० हा आंकडा असे आणि दुपारीं १००.

(या पद्धतीस ईथरनेट म्हणतात. ईथर म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणारें, विश्वभर भरलेलें म्हणून कल्पिलेलें द्रव्य. १८८७ सालीं मायकेलसन व मोर्ले यांच्या प्रयोगांत त्याचा मागमूस लागला नाहीं; तरी २२ मे १९७३ च्या टिपणांत रॉबर्ट मेटकाफ यांनीं तेंच नांव तारेच्या जाळ्यास दिलें. नसलेल्या वस्तूचें नांव असलेल्या तारेला!)

दुपारची वेळ म्हणून मुलीनें उष्म्यावर संशय धरिला, आणि प्रत्येक खंडाची वेळ वहींत टिपूं लागली. तें पाहून खाटेवरून आजी म्हणाली, "पोरी, दार लोटलं का तुझं यंतर रुसते. म्या रोज पायते." दुपारच्या झळा आंत येऊं नयेत म्हणून मधलें दार एक वाजण्याच्या सुमारास लावीत, आणि उन्हें उतरल्यावर उघडीत. तार त्याच दाराच्या चौकटींतून, उंबऱ्यावरून आंत आली होती! वाकून पाहतां, सागवानी फळीखालीं ती रोज चेंगरून चपटी झालेली दिसली. दार उघडतांच आंतलीं तुटकीं टोकें पुन्हा एकमेकांस टेकत असावींत.

वडिलांनीं त्या जागीं चिकटपट्टी गुंडाळण्याचें सुचविलें. तें मुलीनें ऐकलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. कारण चिकटपट्टीनें वरचें आवरण जुळतें, आंतली मोडलेली तार नव्हे. बाजारांतून नवी तार आणून ती दाराच्या वरील झरोक्यांतून, कोठेंही तीव्र वळण न देतां, नेली. पूर्वीच्याच तारेचा तुकडा शेजारच्या घरापर्यंत नेण्याचाही एक बेत निघाला होता; पण दोन इमारतींमध्यें उघड्यावर तांब्याची तार टाकणें म्हणजे मृगाच्या विजांना घरांत वाट देणें, म्हणून तो सोडून दिला.

त्या दुपारीं आजीनें मधलें दार तीनदां लावावयास व तीनदां उघडावयास लाविलें. पडद्यावरचा हजाराचा आंकडा हलला नाहीं.