पिशवी गळते, ती सोसू नका

कोलकात्याजवळ डमडमला मे महिन्यात हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळतच नाही. ज्यांच्या पोटावर आतड्याचं तोंड काढलंय, म्हणजे स्टोमा आहे, त्यांना याचा फटका आधी बसतो. मळ गोळा करणाऱ्या पिशवीची कातडीला चिकटणारी चकती सुटते, मळ झिरपतो, भोवतालची कातडी सोलवटते. एवढं ऑपरेशन झालं म्हटल्यावर हे सोसायलाच हवं, असं पुष्कळ जण धरून चालतात. मुळीच नाही!

बऱ्याचदा दोष मापाचा असतो. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो आणि घरचे मात्र चकतीचं भोक जुन्याच मापानं कापत राहतात. मधली उघडी कातडी मळानं भाजते. म्हणून या काळात दर वेळी माप घ्या, भोक दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. कातडी साध्या पाण्यानं धुवा, कोरडी टिपा. तेल, जंतुनाशक नको. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा. गळतीवर वरून टेप मारू नका, पिशवी बदला. विमानानं जायचं तर कात्री अडवली जाऊ शकते, म्हणून चकत्यांची भोकं घरीच कापून न्या.

पूर्वी ही कातडी वाचवायला क्लीव्हलँडच्या डॉ. टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात जो डिंक वापरात आणला, तो आपल्याकडच्या कांडोळाच्या झाडाचा, बरं का.

लहान आतड्याचा स्टोमा, म्हणजे इलिओस्टॉमी असेल, तर पाण्याबरोबर मीठही जातं. कोलकात्यात कोपऱ्याकोपऱ्यावर डाब, म्हणजे शहाळं मिळतं. जरूर प्या, पण त्यात सोडियम कमी. पिशवी पाण्यासारख्या मळानं भरू लागली की ओआरएसच हवं. नुसतं पाणी ढोसून अशक्तपणा वाढतो. खोबरं, मक्याचे दाणे नीट चावून खा, नाहीतर वाट तुंबते.

स्टोमाशेजारी फुगवटा आला तर तो हर्निया असू शकतो. जड उचलणं थांबवा, सर्जनला दाखवा. पुष्कळांचं पट्ट्यावर भागतं.

मनातलं बोलायला याच वाटेनं गेलेली माणसं लागतात. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया १९७५ पासून अशी माणसं जोडून देण्याचं काम करते आहे.

निरोगी स्टोमा लाल, ओलसर असतो. तो काळा-जांभळा पडला, किंवा इलिओस्टॉमीतून काही तास काहीच न येता कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.