हरणांसाठी आडोसा, पिकासाठी मोकळी पट्टी
(वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काही जण मनात म्हणतील, "बाई, हरणे आमचे वाल-चवळी खाऊन जातात आणि तुम्ही त्यांच्यासाठी झाडे लावायला सांगता?" तुमचे म्हणणे खोटे नाही. मीही शेतकऱ्याच्याच घरातली आहे. म्हणून सुरुवात माझ्या घरच्या चुकीपासूनच करते.

शिरसाड-अंबाडी रस्त्यालगतच्या एका गावात आमची भातखाचरे आणि थोडी वरकस जमीन आहे. वरकस जमिनीच्या वरच्या अंगाला जंगल लागते. तिथे आजोबांच्या वेळची करवंदीची वई होती. मधे निर्गुडी, कुठे कुडा, अशी वेडीवाकडी. मी कृषीची पदव्युत्तर पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते. ती वई पाहून मी आबांना म्हटले, "ही दोन-अडीच मीटर जागा उगीच अडली आहे. वई काढू, खांब रोवू आणि काटेरी तार ओढू." आबांना ते पटले नव्हते, पण शिकलेल्या मुलीचा शब्द त्यांनी मोडला नाही. वई तोडली, तिच्या जागी तारेचे तीन पदर आले.

पुढच्या एप्रिलमध्ये पहाटे कुत्र्यांचा गलका ऐकू आला. आबा बॅटरी घेऊन गेले. एक भेकर पाण्यासाठी खाली उतरले होते. कुत्री मागे लागली, ते नेहमीच्या वाटेने वर पळाले आणि तारेत अडकले. वनरक्षक येईपर्यंत ते गेले होते. आबा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्याला वई ठाऊक होती गो, तार ठाऊक नव्हती." त्या दिवसापासून मी या विषयाकडे अभ्यास म्हणून पाहू लागले. त्यातून जे उमगले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या भागाची स्थिती

तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेला खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा अभयारण्य, या दोहोंना जोडणारा हा दुवा आहे. पश्चिमेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याच्या पलीकडे वाढत चाललेले वसई-विरार शहर. मधल्या पट्ट्यात आपली शेती, पाडे, विटभट्ट्या आणि आता फार्महाऊस. जंगलातील सांबर, चितळ, भेकर या प्राण्यांना माणूस, कुत्री, दिवे आणि वाहने यांच्या इतक्या जवळ राहावे लागते.

आपल्याकडे पाऊस भरपूर, पण चारच महिने. साग, ऐन, पळस, कुडा ही पानगळीची झाडे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जंगल उघडे पडते. नेमके त्याच वेळी ओढे आटतात आणि जनावरांना पाण्यासाठी खाली यावे लागते. त्यात वणवा लागला तर खालचे झुडूपही जळून जाते. म्हणजे आडोशाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो नाहीसा होतो.

आडोसा म्हणजे काय आणि तो का हवा?

कोणत्याही रानजनावराला तीन गोष्टी लागतात : चारा, पाणी आणि आडोसा. पहिल्या दोन आपण लक्षात घेतो, तिसरी विसरतो. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचे बरेच मोठे वर्तुळ एकाच वेळी दिसते आणि थोडीशी हालचालही ते टिपते. उघड्यावर माणूस किंवा कुत्रे दिसले की ते चरणे सोडून उभे राहते, पाय आपटते, आणि मग पळते. मध्ये झाडोऱ्याचा पडदा असेल तर तोच माणूस पलीकडून गेला तरी ते पुष्कळदा जागचे हलत नाही.

बिथरलेले हरीण कुठे जाईल याचा नेम नसतो. ते महामार्गावर येते, बिनकठड्याच्या विहिरीत पडते, नाहीतर तुमच्या मिरचीच्या वाफ्यातून उड्या मारत जाते. निवांत असलेले हरीण जंगलातच राहते.

दुसरी गोष्ट बिबट्याची. २०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत एप्रिलचा चौथा आठवडा उजाडला. तो तिथवर का आला हे मी सांगणार नाही, पण जंगलात हरीण आणि डुक्कर पुरेसे असले की बिबट्याला कुत्र्या-शेळ्यांसाठी पाड्यात येण्याचे कारण कमी होते, एवढे नक्की.

मग हरणांना पिकाजवळ आणून बसवायचे का?

नाही. या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आडोसा कुठे लावता यावर त्याचा फायदा की तोटा हे ठरते. भेकर आणि सांबर ही आडोशाजवळ राहून चरणारी जनावरे आहेत. पिकाला चिकटून दाट झुडूप असेल तर ती झुडपात उभी राहून पीक खातील आणि डुक्करही तिथेच बसेल. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी जंगल, मग आडोसा, मग किमान १० मीटर मोकळी पट्टी, आणि त्यानंतर पीक. मोकळ्या पट्टीत यायला ही जनावरे कचरतात. चितळाला उघड्यावर चरण्याची सवय असल्याने त्याच्यासाठी एवढ्याने भागत नाही. पीक तयार होण्याच्या काळात राखण करावीच लागते.

ही पट्टी पडीक ठेवण्याची गरज नाही. हळद किंवा गवती चहा अशी, हरणे सहसा तोंड न लावणारी पिके तीत घेता येतात. मात्र सुरण, कणगर, रताळी यांसारखी कंदपिके आडोशाजवळ घेऊ नयेत. डुकराला ते आमंत्रणच ठरते.

आडोसा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. घर, गोठा, रस्ता किंवा वर्दळीची पायवाट आणि जंगलातील पाणवठा यांच्या मध्ये. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तुंगारेश्वराच्या वाटेवर किती गर्दी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा वाटांच्या कडेच्या खासगी जमिनीत दोन ओळी झाडे उभी राहिली तरी आतली जनावरे कमी बिथरतील.

कोणती झाडे निवडावीत?

निवडीच्या कसोट्या चार. उन्हाळ्यात हिरवे राहावे, जमिनीपासून भरगच्च असावे, जनावरांनी खाऊन संपवू नये आणि आपल्यालाही काही उत्पन्न द्यावे.

करवंद : आपल्या हवामानासाठी याला तोड नाही. सदाहरित, काटेरी, खालपासून दाट. एप्रिल-मेमध्ये फळे मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' ही जात दिली आहे. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. पिकलेल्या फळांतील बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरावे.

निर्गुडी आणि अडुळसा : दोन्ही फाट्यांपासून सहज येतात. उग्र वासामुळे व कडू चवीमुळे गुरे आणि हरणे त्यांना सहसा लागत नाहीत. औषधी उपयोग आहेच.

बांबू : उंच पडद्यासाठी माणगा चांगला. त्याला काटे नसतात आणि बाजारात मागणी असते. २०१७ साली केंद्र सरकारने वनक्षेत्राबाहेरील बांबू कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळला आहे. मात्र बांबू खालून मोकळा असतो. नुसता बांबू लावला तर माणसाला वर पडदा दिसतो, पण हरणाला खालून सगळे दिसते. म्हणून त्याच्यापुढे झुडपांची ओळ हवीच.

मोगली एरंड : फाटा खोचला की लागतो, पण उन्हाळ्यात पाने गाळतो. पहिल्या दोन वर्षांचा आधार म्हणून ठीक. त्याच्या बिया विषारी आहेत. मुलांना जरूर बजावावे.

घाणेरी आणि रानमोडी ही झुडपे आडोसा देतात खरी, पण ती परदेशातून येऊन माजलेली तणे आहेत. त्यांच्याखाली गवत उगवत नाही. ती मुद्दाम वाढवू नयेत. जुनी असतील तर एकदम न तोडता, नवी झाडे जशी उभी राहतील तशी टप्प्याटप्प्याने काढावीत. सुबाभूळ किंवा शेवरी आडोशात लावू नये. हरणांना तो चाराच होईल.

लागवडीची पद्धत

जागा असेल तर तीन ओळी घ्याव्यात. वर्दळीच्या किंवा शेताच्या बाजूला करवंद, दोन झाडांत १ मीटर अंतर. त्यापासून २ मीटरवर निर्गुडी व अडुळसा आलटून-पालटून, तेही १ मीटरवर. त्यानंतर जंगलाच्या बाजूला ४ मीटर सोडून बांबू, दोन बेटांत ४ मीटर. ओळींतील झाडे समोरासमोर न लावता नागमोडी लावावीत, म्हणजे आरपार फट राहत नाही. १०० मीटर लांबीसाठी साधारण १०० करवंदे, १०० फाटे आणि २५ बांबू लागतील. जमीन थोडी असेल तर बांबू सोडून पहिल्या दोन ओळी कराव्यात.

मे महिन्यात करवंदासाठी ३० × ३० × ३० सें.मी. आणि बांबूसाठी ६० × ६० × ६० सें.मी. आकाराचे खड्डे घ्यावेत. वरची माती व कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. पाऊस जमिनीत मुरला की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागवड करावी. निर्गुडी व अडुळशाचे फाटे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, २० ते २५ सें.मी. लांबीचे घ्यावेत. ऑगस्टमध्ये नांग्या भराव्यात. पाऊस संपताच बुंध्याभोवती गवताचे आच्छादन द्यावे आणि पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पाणी घालावे. जानेवारीत जंगलाच्या बाजूने ३ मीटर रुंद जाळरेषा काढावी. नाहीतर एका वणव्यात सारी मेहनत जाईल.

वई दाट व्हायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर अगदी उघड्या जागी नारळाच्या झापांचा तात्पुरता आडोसा करता येतो. वसईच्या वाड्यांतून झावळ्यांना तोटा नाही.

जनावरांच्या जुन्या वाटा बंद करू नयेत. वाट जिथे येते तिथे वईची दोन टोके एकमेकांच्या पुढे-मागे चढवून घ्यावीत. म्हणजे जनावराला जायला खिंड राहते आणि समोरून पाहणाऱ्याला आरपार दिसत नाही.

आडोसा पुरेसा झाला की नाही, याची सोपी परीक्षा आहे. परदेशातील वनशास्त्रज्ञ २०० फुटांवरून, म्हणजे सुमारे ६० मीटरवरून, उभे हरीण नव्वद टक्के झाकले जाते का, हे पाहतात. तुम्ही आडोशामागे दोन काठ्यांवर कमरेएवढ्या उंचीला एक पोते टांगा आणि रस्त्यावरून पाहा. एप्रिलमध्ये पाहा, पावसाळ्यात सगळेच पडदे दाट दिसतात. चितळ खांद्याशी तीन फुटांच्या आत-बाहेर असते, भेकर दोन फुटांचे. म्हणून खालचे तीन फूट झाकणे हे मुख्य काम.

हे कटाक्षाने टाळा

वीजप्रवाह सोडलेली तार, फासे आणि सुतळी बॉम्ब यांचा वापर करू नये. हरणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. आणि विजेच्या तारेला हरीण आणि गुराखी यांतला फरक कळत नाही. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय लागवड करू नये. आपल्या हद्दीतच करावी. पिकाचे नुकसान झाल्यास शक्यतो त्याच दिवशी, आणि उशिरात उशिरा तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. तो तुमचा हक्क आहे. रोपांसाठी आणि सल्ल्यासाठी कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

शेवटी घरचे सांगते. आम्ही तार काढली आणि तिच्या जागी पुन्हा करवंद लावले. पहिल्या वर्षी निम्मी रोपे मेली, कारण आच्छादन द्यायला मीच उशीर केला. आता वई माझ्या खांद्याला लागते. शेताच्या अंगाला दहा मीटर पट्टीत हळद आहे. हरणे अजून येतात. मागच्या वर्षी वालाचे एक टोक त्यांनी खाल्लेच. पण उन्हाळ्यात पहाटे वरच्या अंगाला भेकराचे भुंकणे ऐकू येते. आबा चहा पिता पिता म्हणतात, "आहे, जागेवर आहे." मग ते उठून खाली खाचराकडे जातात, म्हणजे त्याला आमच्यामुळे हलावे लागत नाही.

तुमच्या बांधावर अशी जुनी वई अजून उभी असेल, तर निदान ती तोडू नका. नवी लावायला चार वर्षे लागतात, हे मी अनुभवाने सांगते.