पंख काढलेली गाडी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतील संगणक क्षेत्र : काल, आज आणि उद्या' असा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. उद्याचं मला काही कळत नाही, आणि आजचं आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कळतंच. मी आज बोलणार आहे एका कुजलेल्या गाडीबद्दल. त्यात सुतारकाम आहे. आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण होतं, हे मी अजून विसरलेले नाही. त्या शिवणीतून गाद्यांच्या खोळी तेवढ्या झाल्या. बाकी सगळं चाळिशीनंतर शिकावं लागलं.

गाडी म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. त्याला इंजिन नसतं. आत एक पलंग, एक टेबल, गॅसची शेगडी, बर्फाचं कपाट. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी मोटारी आल्या, सुट्टीत कुटुंबं बाहेर पडू लागली, आणि कॅलिफोर्नियापासून इंडियानातल्या एल्कहार्टपर्यंत असे ट्रेलर बनवणारे कितीतरी कारखाने निघाले. पन्नास-साठच्या दशकातल्या लहान ट्रेलरना तिकडे 'कॅन्ड हॅम' म्हणतात, कारण बाजूनं पाहिलं तर आकार थेट हॅमच्या आडव्या डब्यासारखा दिसतो.

आम्ही ओरेगन राज्यात राहतो. २०२०च्या उन्हाळ्यात, सगळं बंद असताना, गावाबाहेरच्या एका शेतात झुडपांत अडकलेला असा एक ट्रेलर मला दिसला. मागच्या दोन्ही खांद्यांवर ॲल्युमिनियमचे चकचकीत पंख होते. मालक म्हणाला, "ही १९६१ची शास्ता आहे." शास्ता हे त्या दुनियेतलं मोठं नाव. १९४१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पंख ही तिची खूण. त्या गाड्यांवर लोकांचं इतकं प्रेम की २०१५ साली १९६१च्या नमुन्याची नवी आवृत्ती निघाली, आणि तीही स्थापनेच्या वर्षाची आठवण म्हणून बरोबर १,९४१ गाड्यांची. मालकानं दिलेल्या कागदावर मात्र वर्ष १९६४ आणि बनावटीच्या रकान्यात 'होममेड', म्हणजे घरी बांधलेली, असं होतं. "कारकुनाची चूक," तो म्हणाला. मला पटलं. पंख दिसत होते ना! १,८०० डॉलर मोजले आणि गाडी ओढून घरी आणली. तीही आमच्या मोटारीनं नाही, सपाट ट्रकवर चढवून. कारण टायरवरचे शेवटचे चार आकडे होते २३०४. म्हणजे २००४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सोळा वर्षांच्या रबरावर रस्त्याला लागायचं नसतं.

आता अण्णांबद्दल. माझे वडील तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असतील. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील एस.टी.त, नाहीतर खडकीच्या कारखान्यात. अण्णा दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत बॉडी फिटर होते. उघड्या चॅसिसवर सांगाडा उभा करायचा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करायचा. तीस वर्षं हेच केलं. दर शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे त्यांच्या रविवारी सकाळी नऊला, आमचा व्हिडिओ कॉल असे. मी फोन ट्रेलरभोवती फिरवला आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, "रिव्हेट कुठं आहेत गं?"

रिव्हेट नव्हतेच. एअरस्ट्रीम नावाचे ते चांदीच्या गोळीसारखे प्रसिद्ध ट्रेलर विमानासारखे रिव्हेट केलेले असतात. या लहान गाड्यांचं तसं नाही. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ बर्च प्लायवुड, बाहेरून पातळ ॲल्युमिनियम. दोन पत्रे जिथं मिळतात त्या कडेवर एक पट्टी, पट्टीखाली पुट्टी, आणि स्क्रू. "म्हणजे पुट्टी सुकली की पाणी आत, आणि लाकूड कुजणार," अण्णा म्हणाले. तेच झालं होतं. बाहेरून पत्रा धडधाकट, आणि मागच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर लाकूड ओल्या केकसारखं आत जायचं. ओरेगनचा हिवाळा म्हणजे पाच-सहा महिन्यांची रिपरिप.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. नववीत हायड्रोजनच्या प्रयोगात मी निरीक्षणाच्या रकान्यात 'वायू हायड्रोजन आहे' असं लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईनं काटलंत आणि शेजारी लिहिलंत, 'तुला काय दिसले?' मला दिसलं होतं ते एवढंच, की जळती काडी नेल्यावर वायू 'पॉप' आवाज करून जळतो. मी ट्रेलरसाठी एक वही केली आणि तिचे दोन रकाने पाडले, निरीक्षण आणि अनुमान. पहिल्या पानावर अनुमानाच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'शास्ता, १९६१'. निरीक्षणाच्या बाजूला, 'पंख'. पुढे दीड वर्ष ती डावी बाजू भरत गेली आणि उजवी खोडली गेली.

आधी मी सुट्या भागांवरून ओळख पटवायला गेले. खिडक्यांवर हेर कंपनीची खूण, मागचे दिवे बार्गमनचे. मला वाटलं, सापडलं! पण या कंपन्या कुणालाही माल विकत. डझनावारी कारखान्यांच्या ट्रेलरना त्याच खिडक्या आणि तेच दिवे. त्यावरून काळ साधारण कळतो, बनवणारा कळत नाही. १९८१नंतरच्या वाहनांना सतरा अक्षर-आकड्यांचा ठरावीक क्रमांक असतो, त्याआधी ज्याची त्याची पद्धत. तिथंही हाती काही लागलं नाही.

मग पंख. अण्णा म्हणाले, "कॅमेरा जवळ ने. पंखाच्या पायाखाली रंग आहे का बघ." एक स्क्रू काढून पाहिला. खाली गाडीचा रंग सलग गेलेला. म्हणजे आधी रंग, मग पंख. सगळ्या गाडीचे स्क्रू चपट्या खाचेचे आणि गंजलेले, पंखांचे तेवढे स्टेनलेसचे, स्टार खाचेचे. आतून पत्रा उघडल्यावर दिसलं की पंखाच्या मागे लाकूडच नाही, स्क्रू नुसते पत्र्यात. अण्णा हसले. "ज्यानं गाडी बांधली त्याला पंख ठाऊकच नव्हते." असे पंख आजही नवे विकत मिळतात. कुणीतरी आणून लावले होते, बस.

माझं तोंड उतरलं, हे कबूल करते. शास्ता नाही तर मग काय? अण्णांना मात्र आता खरी गोडी लागली. ते दर रविवारी काहीतरी काम सांगायचे. एकदा म्हणाले, दोन्ही भिंती मापून काढ. कारखान्यात भिंत टेबलावर आडवी ठेवून, साच्यावर जुळवतात. डावी आणि उजवी तंतोतंत सारख्या यायला हव्यात. माझ्या भिंती सारख्या नव्हत्या. दाराची भिंत दुसरीपेक्षा तीन सूत लांब होती.

सूत हा शब्द किती जणांना आठवतो? इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. आपण सगळे सेंटिमीटरमध्ये वाढलो. पण प्लायवुडचं एक पान उलटं केलं तेव्हा मागे सुताराच्या पेन्सिलीनं केलेली आकडेमोड निघाली, फूट, इंच आणि अष्टमांश. मी गणकयंत्र काढेपर्यंत अण्णा पडद्यावरून वाचत होते, "पाच फूट सात इंच तीन सूत, आणि इथं त्यानं एक इंच चुकवलाय, खाली दुरुस्त केलाय बघ." साठ वर्षांपूर्वीच्या ओरेगनच्या माणसाचा हिशेब दापोडीचा फिटर घडाघडा वाचत होता. थोडं थांबून म्हणाले, "हा कारखान्याचा माल नाही बेटा. हा एका माणसाचा हात आहे. कागदावर लिहिलंय ते खरं आहे."

तिकडे हे काही अजब नव्हतं. एअरस्ट्रीमचा संस्थापक वॉली बायमसुद्धा सुरुवातीला घरी ट्रेलर बांधायचे आराखडे विकत असे. यंत्रकामाच्या मासिकांत असे आराखडे कितीतरी वर्षं येत होते. कुणीतरी तसाच, आपल्या गॅरेजमध्ये बांधला असणार.

वर्षाचा पुरावा एका फटीत सापडला. फट भरायला वर्तमानपत्राची घडी घातली होती, तारीख ऑगस्ट १९६३. मी लगेच उजव्या रकान्यात लिहायला निघाले, तर अण्णा म्हणाले, "दुरुस्तीत नंतर कोंबला असेल तर? खिळ्यांची भोकं मोज." एखादं पान काढून पुन्हा ठोकलं असेल तर मागच्या लाकडात भोकांचे दोन संच दिसतात. इथं एकच होता. ते पान एकदाच लागलं होतं, १९६३च्या ऑगस्टनंतर. कागदावरचं १९६४ आता बरोबर बसत होतं. माझ्या धंद्यात जुना कोड वाचताना हेच करावं लागतं, आणि तिथंही मी कारकुनाची चूक म्हणून पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या आहेत.

मार्च २०२१च्या शेवटच्या रविवारी अण्णांनी मला एक प्रश्न दिला. "त्यानं आधी दार केलं की आधी भिंत? त्या तीन सुतांचं उत्तर तिथं आहे." पुढच्या शनिवारी त्यांना ताप होता. एप्रिलमध्ये ते गेले. तो एप्रिल तुम्ही सगळ्यांनी इथं पाहिला आहे, मी वेगळं काय सांगू. मला येता आलं नाही. ॲम्ब्युलन्ससाठी धावपळ करणारे, आईला डबा देणारे, यातले चौघे आज याच सभागृहात आहेत. नावं घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

ट्रेलरवर मी ताडपत्री टाकली. वर्षभर ती काढली नाही. शनिवारी रात्री साडेआठ वाजले की मी भांडी घासायला घ्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ताडपत्रीखाली पाणी साचलेलं दिसलं, म्हणून उघडली. कुजलेले वासे एकेक करून काढले. कुजला तरी तुकडा फेकायचा नाही, नवा कापायला तोच साचा. मऊ झालेल्या कडा कागदावर गिरवून घ्यायच्या, डग्लस फरची नवी पट्टी कापायची, गुण्या लावून पाहायचा. फरशीचा मागचा एक तृतीयांश भाग नवा घातला. वायर सगळी बदलली. गॅसची नळी साबणाच्या पाण्यानं तपासली. आतल्या बर्चला मूळ मधाळ रंग होता, तो शेलॅकचा. शेलॅक म्हणजे आपली लाख, किड्यांनी झाडावर केलेली, आणि जगाला ती प्रामुख्याने आपल्याच देशातून जायची. नव्या पानांवर तीच लावली, पाच हात. पत्रे परत चढवताना अण्णांचंच वाक्य डोक्यात होतं, "कौलं कशी घालतात? खालून वर." खालचा पत्रा आधी, वरचा त्याच्यावर, म्हणजे पाणी बाहेरून ओघळतं. कडेच्या पट्ट्यांखाली पुट्टीऐवजी ब्यूटिलची टेप घातली.

दाराची भिंत मी शेवटी उघडली. मुद्दाम लांबवली असेन. चौकटीवरचा रंग खरवडला तर दाराच्या कडेला जुन्या बिजागऱ्यांच्या खाचा निघाल्या. लाकडाचे तुकडे बसवून बुजवलेल्या, आणि आताच्या बिजागऱ्यांपासून चार बोटं वर. ते दार आधी दुसऱ्याच कशाला तरी लावलेलं होतं. बाजूचे दोन वासे दाराच्या मापानं बसवलेले, आणि त्यापुढचे सगळे तीन सूत सरकलेले. त्याच्याकडे दार होतं. भिंत त्यानं दाराभोवती बांधली.

आधी दार, अण्णा.

हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नुसतं म्हटलं की चौकट बरी आहे. आज इथं सांगते आहे, कारण या सभागृहात दहा-बारा जण तरी असे आहेत ज्यांना तीन सूत म्हणजे काय ते घरातूनच माहीत आहे.

गाडी २०२३च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी माझी नोकरी गेली होती आणि चार महिने घरी होते. एका गृहस्थांनी गाडी पाहिली, मी काढून ठेवलेले पंखही पाहिले, आणि चांगली रक्कम सांगितली. अट एकच, पंख पुन्हा लावून द्यायचे आणि विकताना 'शास्ता' म्हणायचं. नवरा म्हणाला, "विचार कर, घराचा हप्ता आहे." विचार केला, दोन रात्री केला. मग त्यांना कागद दाखवला आणि म्हटलं, यावर लिहिलंय तशी हवी असेल तर देते. ते पुन्हा आले नाहीत. हप्ता कसाबसा भरला. पंख मी एका खऱ्या शास्तावाल्याला दिले, त्याच्या गाडीचा एक मोडला होता.

पेन्सिलीचा हिशेब असलेलं पान मी घासलं नाही, लाखही लावली नाही. ते कपाटाच्या आत आहे, दार उघडलं की दिसतं. त्या माणसाचं नाव मात्र कुठंच सापडलं नाही. वहीत अनुमानाच्या रकान्यात आता एवढंच आहे, 'घरी बांधलेली, १९६४, उजव्या हाताचा माणूस, बेरजेत एकदा चुकतो.' उजव्या हाताचा हे खिळ्यांच्या तिरकेपणावरून. सर, हे तुम्ही कदाचित काटाल.

तिकडे कुणी आलात तर जरूर या. झोपायची सोय दोघांचीच आहे, आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून मोठ्या पावसात अजून एक थेंब येतो. त्या कोपऱ्याची पट्टी या उन्हाळ्यात मला पुन्हा काढायची आहे.