खेळाडू मुलगा आणि आपले घर
(वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



आताच या व्यासपीठावरून ज्यांची नावे वाचली गेली त्या सर्व मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. छत्तीस वर्षे हाती खडू धरलेल्या माणसास याहून मोठा आनंद तो कोणता? तथापि आज आम्ही ज्या मुलाविषयी बोलणार आहोत, त्याचे नाव या यादीत बसले नसते. कारण आपल्या यादीला टक्क्यांखेरीज दुसरा रकानाच नाही.

त्या मुलाचे नाव अनिकेत जाधव. जन्म 13 जुलै 2000, गाव कोल्हापूर. वडील रिक्षा चालवीत. तो आपल्या ज्ञातीचा आहे काय, असे मागे एका सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले. आम्ही ती चौकशी केलेली नाही, आणि करावी असे वाटलेही नाही.

कोल्हापूर ही मल्लांची नगरी हे आपण जाणताच. पण तेथील तालमींनी कुस्तीइतकाच फुटबॉलही उरी जपला आहे, हे मुंबईकरांस फारसे ठाऊक नसते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे तालमींची, आणि संघही त्यांचेच. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या पायाला चेंडू लागला तर नवल नाही. नवल पुढेच आहे. हा मुलगा लहान वयात घर सोडून पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले तेथील शिवछत्रपती क्रीडानगर आपल्यापैकी अनेकांनी द्रुतगती मार्गाने जाताना पाहिले असेल. प्रबोधिनीत निवडल्या गेलेल्या मुलांच्या निवासाचा, भोजनाचा, शाळेचा व प्रशिक्षणाचा भार शासन उचलते. रिक्षावाल्याच्या घरास ही सोय नसती तर पुढचे काहीच घडले नसते, असे आम्हांस वाटते. तेथून तो पुणे एफ. सी. या क्लबाच्या अकादमीत आला आणि मग देशाच्या सतरा वर्षांखालील संघात.

2017 च्या ऑक्टोबरात ती जागतिक स्पर्धा आपल्या देशात भरली. भारताचे तिन्ही सामने दिल्लीस झाले आणि तिन्ही आपण हरलो : अमेरिकेशी 0-3, कोलंबियाशी 1-2, घानाशी 0-4. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा जागतिक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल. घानाचा सामना 12 ऑक्टोबरला झाला. त्यानंतर अवघ्या अठ्ठेचाळीस दिवसांनी, 29 नोव्हेंबर रोजी, गोव्यात बांबोळीच्या मैदानावर याच मुलांचा ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ प्रौढांच्या आय-लीगमध्ये उतरला आणि त्याने चेन्नई सिटीला 3-0 असे हरविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. वय सतरा वर्षे, साडेचार महिने! आपल्याकडे या वयाच्या मुलास आम्ही एकट्याने बोरिवलीहून चर्चगेटला धाडताना दहा सूचना देतो.

आता तो कोणत्या जागी खेळतो हे मातृवर्गासाठी थोडक्यात सांगतो. मैदानाच्या अगदी कडेने धावणाऱ्या आघाडीच्या खेळाडूस हल्ली विंगर म्हणतात. आमच्या वेळी ‘लेफ्ट आऊट’ आणि ‘राइट आऊट’ असे म्हणत. प्रतिपक्षाच्या बचावपटूस चकवून कडेने पुढे जावयाचे आणि चेंडू गोलाच्या तोंडाशी द्यावयाचा, हे त्याचे काम. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो. शिवाय हल्लीच्या पद्धतीत चेंडू गेला की त्याला उलटे धावत येऊन आपल्या बचावासही हातभार लावावा लागतो. म्हणजे सर्वांत अधिक धाव, आणि पुष्कळदा सर्वांत कमी टाळ्या. घरातील थोरल्या सुनेची आठवण व्हावी असे हे काम आहे.

पुढे तो इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ शिकून आला. हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. 2019 मध्ये जमशेदपूरच्या मोठ्या संघात त्यास स्थान मिळाले. 2021-22 च्या हंगामात तो हैदराबादच्या संघात होता आणि त्या संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळविले.

हे सर्व ऐकून एखाद्या पालकाचे डोळे चमकले असतील. त्यांस दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. दिल्लीत खेळलेल्या त्या एकवीस जणांच्या चमूतील सर्वांनाच अशी वाट सापडली नाही; काहींची नावे पुढे वृत्तपत्रांत क्वचितच दिसली. पूर्वी मुंबईत मफतलाल, टाटा, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे यांचे संघ होते. चांगल्या खेळाडूस तेथे चेंडूबरोबर नोकरीही मिळे; गुडघा निकामी झाला तरी टेबल-खुर्ची राही. 1982 च्या संपानंतर गिरण्यांची दशा आपण पाहिलीच. महिंद्रचा संघ 2010 मध्ये बंद झाला. आता आहे तो करार. रक्कम मोठी, पण मुदत बांधलेली. 2025 च्या जुलैत सुपर लीगचा नवा हंगामच स्थगित करण्यात आला आणि काही संघांनी खेळाडूंचे वेतन थांबविले, हे आपण वाचले असेलच. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात सामने पाहावयास जाणाऱ्या आपल्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

येथे आमच्या स्वतःच्या एका चुकीविषयी बोलणे प्राप्त आहे. आम्ही उपनगरातील ज्या शाळेत होतो तेथे संपानंतर काही वर्षांनी एक मुलगा आमच्या वर्गात आला. वडिलांची गिरणी सुटलेली. पावसाळ्यात मैदानावर घोटाभर चिखल असे. त्यातही हा डाव्या कडेने असा सुटे की शिपाईसुद्धा घंटा देणे विसरे. दहावीच्या वर्षी त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला आणि आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, “बूट काढून घ्या.” त्यांनी काढून घेतले. मुलगा बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला, पुढे नोकरीस लागला, सुखी आहे. सल्ला चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्याला कोठे पाठविता येईल, अशी एखादी संस्था आहे काय, हे आम्ही विचारलेसुद्धा नाही, ही गोष्ट आम्हांस आजही बोचते.

15 सप्टेंबर 2017 रोजी, त्या जागतिक स्पर्धेच्या निमित्ताने, महाराष्ट्रातील शाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्यात आला. आमच्या नोकरीचे ते अखेरचे वर्ष. मुलांच्या आग्रहाने आम्हीही एक लाथ मारली. चेंडू कोठे गेला ते न विचारलेले बरे. त्या दिवशी आम्हांस तो डाव्या कडेचा मुलगा आठवला.

मंडळाच्या शिक्षणनिधीच्या अर्जात आम्ही एक रकाना सुचविला आहे : क्रीडाप्रशिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा व क्लासचा खर्च. बुटांचा नव्हे. बूट क्लब देईल. दहावी-बारावीचा अभ्यास मागे पडला तर तो भरून काढावयास मात्र आपणच लागू. पत्र चिटणिसांच्या हाती दिले आहे. सर्वसाधारण सभेत त्यावर मतभेद होतील, ते व्हावेत.

गेल्या महिन्यात तो जुना विद्यार्थी आमच्या घरी आला होता. आता केस पिकले आहेत. बरोबर तेरा वर्षांचा मुलगा. तोही डाव्या पायाचा. “गुरुजी, याला चाचणीला पाठवू का?” एवढेच त्याने विचारले. आम्ही उत्तरास पुष्कळ वेळ लावला. घरात चहा झाला. अखेर म्हणालो, “पाठवा. पुस्तके पेटीत तळाशी नको, वर ठेवा. आणि कोणताही करार सही करण्यापूर्वी आम्हांस वाचून दाखवा.” तो हसला. मुलगा मात्र दारातल्या चपला पायाने ढकलीत उभा होता, त्याचे आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते.

चाचणीचा निकाल अद्याप कळावयाचा आहे.