जखमेचा पुरावा



संयोजकांनी मला ‘संगणक आणि उद्याचं जग’ असा विषय दिला होता. उद्याचं जग तुमच्या मुलांना माझ्याहून जास्त कळतं. म्हणून मी आज जुन्या कागदांवर बोलणार आहे. सर, विषयांतराबद्दल एक गुण कापलात तरी चालेल.

आपण सगळे पाण्याकाठी वाढलो. चिवला किनाऱ्यावर आता दर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पोहताना पायांचं काम किती असतं हे तुम्हाला सांगायला नको. आता पाय अजिबात न हलवता ५० मीटर जायचं आहे असं समजा. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये हे अंतर ३७.३३ सेकंदांत कापलं आणि सुवर्णपदक घेतलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. अभिनव बिंद्राचं ऑलिंपिक सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी आलं.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमई दलात कारागीर होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि पायांतली शक्ती गेली. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. पॅरालिम्पिकचा उगमही असाच आहे. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात खेळ भरवले, त्यातून पुढे ही स्पर्धा वाढली.

पुढचा भाग मला जास्त छळतो. १९८२मध्ये पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. मधल्या काळात त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपटही येऊन गेला. म्हणजे आधी पडद्यावर, मग सरकारदरबारी! खाशाबा जाधवांना तर तेवढंही लाभलं नाही. हेलसिंकीचं कांस्य १९५२चं, ते गेले १९८४ला आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर.

पेटकरांकडे निदान विक्रमाची नोंद होती. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेली होती. ज्याला गोळी लागली आणि ज्याने पुढे कुठलाच विक्रम केला नाही, त्याचं काय?

शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्या सैनिकासाठी आपल्याकडे पराक्रम पदक आहे. ते १९७३ साली सुरू झालं. पेटकरांना गोळ्या लागल्या तेव्हा ते नव्हतंच. अमेरिकेत यासाठी पर्पल हार्ट आहे. मला या प्रकारची पदकं आवडतात, कारण त्यांत कुणाच्या मताला जागा नसते. शौर्य किती दाखवलं हे विचारत नाहीत. जखम झाली का, शत्रूकडून झाली का, कधी झाली, एवढंच विचारतात. तीन रकाने. पण ते भरायला कागद लागतो, आणि १९७३च्याच जुलैमध्ये सेंट लुईस इथल्या अमेरिकन सैन्याच्या दफ्तरखान्याला आग लागली. दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी जळाल्या. दुसऱ्या महायुद्धातले कितीतरी जखमी म्हातारपणी पदक मागायला गेले, तेव्हा त्यांना जुनी पत्रं, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, सोबतच्या सैनिकांची प्रतिज्ञापत्रं शोधत फिरावं लागलं. सोबती तरी किती उरलेले असणार?

आमच्या धंद्यात नवीन मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवतात की रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. माहिती नाही, याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही. खिडकीपलीकडे बसलेला माणूस मात्र रिकामा रकाना बघून ‘नाही’ म्हणतो, आणि ‘आहे’ हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याला गोळी लागली त्याच्यावर येते. हा उलटा न्याय आहे. नोंद ज्याने ठेवायची, शोधायचीही त्यानेच, असं मला वाटतं.

आपल्याकडे आग लागायचीही गरज नाही. चार पावसाळे आणि थोडी वाळवी पुरते. आमच्या वाडीत एक माजी सैनिक होते. दंडावर वण होता. आम्ही पोरं विचारायचो, आजोबा, तुम्हांला पदक नाय मिळाला? ते म्हणायचे, “माका पदक कित्याक व्हया? जीव घेऊन इलंय, ह्यां काय कमी?” आम्हाला त्यात मोठेपणा वाटायचा, आणि तो होताच. पण त्यांच्या माघारी पत्र्याची पेटी उघडली तेव्हा कागदांचा लगदा झालेला. कुठल्या आघाडीवर, कोणत्या साली, हे सांगणारं घरात कुणी नाही. मागण्यात आपल्याला कमीपणा वाटतो. मला तो आता तितकासा पटत नाही. पेटकरांनी मागितलं, नकार ऐकला, तरी त्यांचं पदक उणं झालं नाही.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी फौजेत गेलेले काका, आजोबा आहेत हे मी हजेरीपटावरून सांगू शकेन! तेव्हा एक काम. घरी डिस्चार्ज बुक असेल तर आजच प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. दवाखान्याची चिठ्ठी, पेन्शनचा कागद, मागे नावं लिहिलेले जुने फोटो, काही फेकू नका. माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून पलटणीचं नाव, आघाडी, साल आणि सोबत्यांची गावं लिहून घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असतील तर पलटणीचं केंद्र बेळगावला आहे. बाकीच्यांनी सुरुवात आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करावी. पदक मिळेलच असं मी सांगत नाही.

मी चतुर्थीला आठ दिवस गावी आहे. स्कॅनर घेऊन येणार आहे. पेटी जड असेल तर निरोप द्या, मी घरी येईन.